शाळेचा चार्ज

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळी ऐरोलीला मी ठाण्याची गाडी पकडते, तेव्हा पनवेलहून बसून आलेल्या बाईची मांडीवरची गवार जवळजवळ मोडून झालेली असते. मला तिचा हेवा वाटतो. माझा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा, तोही उभ्यानं. हात कडीला, आणि डोक्यात इडलीचं पीठ, सासूबाईंची संपत आलेली बीपीची गोळी, लेकीचा उद्याचा चार्ट पेपर. तोही पिवळाच हवा!

केंद्र सरकारच्या 2019 च्या पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात गेलेली दिसली, पुरुषाची 97. तीसुद्धा जे पुरुष घरकाम करतात, त्यांचीच. आता गवार मोडणं मिनिटांत मोजता येईल. पण चार्ट पेपर आठवणं कुठे मोजणार? कायद्यानं 2017 मध्ये बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 वर नेली, ते उत्तमच झालं. आमची लेक मात्र आता पाचवीत आहे.

आमच्याकडे नवरा मदत करतो. अगदी मनापासून. "तू फक्त सांगत जा ना," म्हणतो. अहो, पण सांगणं हेच तर काम आहे! ऑफिसात एखादं टेबल दुसऱ्याकडे गेलं की आपण त्याला मदत म्हणत नाही, चार्ज दिला म्हणतो. चुकलं तर जाब त्याला.

म्हणून जूनमध्ये मी शाळेचा चार्ज दिला. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून मी बाहेर, हा आत. सगळ्या आयांमध्ये एकटा बाप. पहिल्याच आठवड्यात पीटीच्या दिवशी लेक काळे बूट घालून निघाली. मला दारातच दिसलं. जीभ अगदी ओठांवर आली होती, पण गिळली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला दिसत होतं ना?" दिसत होतं. खरं सांगते, चार्ज देण्यापेक्षा ते गप्प बसणं मला जड गेलं. लेक दुपारी रडत आली, तेव्हा तर फारच.

परवा रात्री दहाला हा चपला घालून खाली धावला. स्टेशनरीवाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं. यानं वाकून पिवळा चार्ट पेपर मागितला. तो आधी बघतच राहिला आणि मग काळजीनं विचारता झाला,

"वहिनी बऱ्या आहेत ना?"