लवंगेभोवतीचं रिंगण

नमस्कार श्रोतेहो.

बाभळीची कोवळी काडी दाढेखाली धरून चावत राहिलं, की तिचा कुंचला होतो, तोंड तुरट होतं आणि हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात. हा तुरटपणाच त्या काडीतलं औषध आहे. बाभळीच्या सालीत टॅनिन असतं आणि टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं. लाळेतली प्रथिनं धरली की तोंड तुरट लागतं, जंतूंची धरली की त्यांना दाताला चिकटणं अवघड जातं. सुश्रुतसंहितेत दातवणाची झाडं चवीनुसारच सांगितली आहेत : कडूत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटात खैर, तिखटात करंज. काडी बारा अंगुळं लांब, करंगळीएवढी जाड. जिभेच्या साक्षीनं औषध निवडण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दात किडवणाऱ्या जंतूंमध्ये स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे मोठं नाव. 1924 साली लंडनमध्ये क्लार्क या संशोधकांनी किडलेल्या दातांतून तो वेगळा केला. साखर मिळाली की तो दोन उद्योग करतो : चिकट थर तयार करून दाताला घट्ट बसतो आणि आम्ल सोडतो. तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळायला लागतं.

मागे आमच्या वर्गातल्या मुलांनी या जंतूवर लवंगेचा अर्क लावून पाहिला. लवंगा कुटून अल्कोहोलमध्ये भिजवल्या, गाळल्या. काचेच्या बशीत अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतून त्यावर जंतू पसरले, अगारात छोट्या विहिरी पाडल्या आणि त्यांत अर्काचे थेंब सोडले. या जंतूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून बशा बरणीत ठेवून आत मेणबत्ती पेटवली आणि झाकण घट्ट लावलं. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंचा पातळ, दुधट थर आणि विहिरीभोवती जंतू न वाढलेलं लख्ख रिंगण! मुलं नाचायचीच बाकी होती. मी विचारलं, ‘‘नुसत्या अल्कोहोलची विहीर कुठंय?’’ ती पाडलीच नव्हती. पुन्हा सगळं केलं. नुसत्या अल्कोहोलभोवतीही लहानसं रिंगण आलं. लवंगेचं त्याहून चांगलं मोठं होतं. त्या दोन रिंगणांत जो फरक होता, तेवढंच लवंगेचं खरं श्रेय. ते युजेनॉलचं, लवंगेच्या तेलातल्या मुख्य घटकाचं. जंतूच्या पेशीचं आवरण ते खिळखिळं करतं. ओव्यातलं थायमॉलही असंच काम करतं. काही माउथवॉशच्या बाटल्यांवर हे नाव छापलेलं दिसेल.

पण बशी म्हणजे तोंड नव्हे. तोंडात लाळ सतत वाहते, अर्क काही मिनिटांत पोटात जातो. शिवाय दातावरचे जंतू थरावर थर रचून राहतात आणि आतल्यांपर्यंत औषध सहज पोचत नाही. तो थर घासूनच निघतो. म्हणून दातवणात रसाइतकाच काडीचा कुंचला महत्त्वाचा. काडी जरूर वापरा, पण रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडची पेस्ट हवीच; विरघळू लागलेल्या कवचाला पुन्हा बळ द्यायला फ्लोराइडची मदत होते. आणि लवंगेबद्दल एक सांगते : युजेनॉल नसही बधिर करतं. ठणका थांबतो, कीड थांबत नाही. दाढेत लवंग धरून लोक महिनोन् महिने काढतात आणि मग दाढ काढावी लागते. लवंगेचं तेल थेट हिरडीवर ओतू नका, भाजतं.

आमच्या शेजारच्या काकू रोज सकाळी ओट्याजवळ उभ्या राहून मशेरी लावायच्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड. माझं जंतूंचं पुराण ऐकून त्यांनी विचारलं, ‘‘मग मशेरीनं पण मरतच असतील की जंतू?’’ प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, ‘‘काकू, एखाद-दुसरा मरेलही. पण तंबाखू तुमच्या गालाच्या आतल्या कातडीलाही सोडत नाही. तिनं कॅन्सर होतो.’’ त्यांचा गाल बोटानं ओढून ट्यूबलाइटखाली पाहिला. आत नखाएवढा पांढरा चट्टा होता, पुसून न जाणारा.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. मशेरीचा डबा काकूंनी वाटेतच माझ्या हातात दिला.