बिब्बा फोडणारे हात

सकाळचे साडेसहा. किनवटच्या डोंगरात धुकं अजून खालीच बसलंय आणि या सात-आठ जणी पदर खोचून, डोक्यावर टोपल्या घेऊन निघाल्यात, पुढं आजी, मागं सुना, सगळ्यात शेवटी दोन पोरी, आज शाळेला सुट्टी आहे म्हणून. नांदेड जिल्ह्याचं हे टोक, पलीकडं तेलंगणा. गोंड, कोलाम, आंध लोकांचा मुलूख. सागाचं रान, मधून मोह, टेंभुर्णी, चारोळी. आणि हे बिब्ब्याचं झाड.

फळ जरा जवळून बघा. वर केशरी मऊ भाग आणि त्याच्या टोकाला काळाकुळकुळीत बिब्बा. काजूचं फळ आठवलं ना? बरोबर आहे, आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. केशरी भाग म्हणजे बिब्ब्याचं फूल, ते वाळवून खातात.

आपल्याला बिब्बा माहितीये तो गाडीला नाहीतर दुकानाच्या दारात, लिंबू-मिरचीसोबत दोऱ्यात ओवलेला. किंवा चांगल्या कामात कुणी बिब्बा घातला असं म्हणताना. पूर्वी परीट कपड्यावर खूण करायला याचंच तेल वापरायचे, कितीही धुवा, डाग हटत नाही. पण त्याच्या पोटात खायची वस्तू आहे हे लै लोकांना ठाऊकच नसतं. ती वस्तू म्हणजे गोडंबी. आणि ती बाहेर काढायची अक्कल या बायकांच्या हातात आहे, ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, म्हणून आम्ही कॅमेरा घेऊन इथं आलो.

हे अंगण बघा. वाळवलेल्या बिब्ब्यांचा ढीग, भोवती गोल करून बायका, प्रत्येकीपुढं एक सपाट दगड आणि शेजारी राखेची पाटी. राख आधी. बिब्ब्याच्या टरफलात काळं तेल असतं, ते कातडीला लागलं की फोड येतात, खाज सुटते, याला इकडं बिब्बा उतला म्हणतात. काहींना तर नुसतं झाडाखालून गेलं तरी उततो. म्हणून तळहात, बोटं, नखांच्या कडा, सगळीकडं राख चोळायची. पोरगी केस मागं सारायला हात वर नेते तशी आजी ओरडते, "तोंडाला हात लावू नको माय, आधी धुव!"

आता ठोका बघा. बिब्बा कडेवर उभा धरायचा, दोन बोटांत, आणि वरून एकच. हळू बसला तर फुटत नाही, वर तेल उडतं. जोरात बसला तर आतल्या गोडंबीचा चुरा. आजीचा ठोका चुकत नाही, ती बघतसुद्धा नाही, गप्पा चालू आणि हात चालू. टरफल उघडतं, आत ही गोडंबी, अंगावर पातळ साल, ती नखानं काढली की पांढरीशुभ्र. अख्खा ढीग फोडायला दुपार जाते आणि निघतं काय, तर एवढं एक पातेलं.

हात काळे पडतात, कातडी सोलते, आणि या मेहनतीच्या मानानं हातात पडणारा पैसा फार थोडा. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे मोह, चारोळी, बिब्बा असल्या रानातल्या मालावर, यांचा हक्क मान्य केलाय, भाव मात्र अजून दुसराच कुणी सांगतो.

संध्याकाळी चूल पेटते. गल्लीत एक बाळंतीण आहे, तिचे लाडू करायचेत. गूळ एका घरातून, खोबरं दुसऱ्या, खारीक तिसऱ्या, डिंक रानातलाच. गोडंबी तुपात टाकली की बघा कशी फुगते, बदामी रंग आला की लगेच उतरवायची, क्षणभर उशीर झाला तर करपते. डिंक फुलतो, गुळाचा पाक होतो, आणि मग पाच जणींचे दहा हात एकाच परातीत, गरमच वळायचे, गार झाले की वळत नाहीत. बाळंतिणीचा डबा आधी भरतो, उरलेले पोरांच्या हातावर.

आणि ही बाजूला पडलेली टरफलं. जळण लागतंच सगळ्यांना, पण ही चुलीत घालत नाहीत, धूरसुद्धा अंगावर उततो. आजी ती फडक्यानं गोळा करते, अंगणाबाहेरच्या खड्ड्यात टाकते, वरून माती लोटते आणि उद्यासाठी नवी राख चाळायला बसते.