सेप्ट्रानची पांढरी गोळी

ही गोळी बघा. पांढरी, जाडजूड, गिळताना घशात अडकते की काय वाटावं एवढी. मेडिकलमधे सेप्ट्रान म्हणून मिळते, एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, कोट्रायमोक्साझोल म्हणतात. ही एचआयव्हीला मारत नाही हे आधीच सांगते, व्हायरस तसाच राहतो, पण ज्या आजारांनी माणूस खरोखर जातो त्यातले कितीतरी ही दारातच अडवते.

1981 साल. अमेरिकेत अटलांटाला सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या ऑफिसात सॅन्ड्रा फोर्ड नावाच्या बाई पेंटामिडीन या औषधाच्या मागण्या सांभाळायच्या. क्वचित लागणारं औषध, आणि अचानक तरण्याताठ्या पुरुषांसाठी फोनवर फोन, बरं यांची प्रतिकारशक्ती का गेली ते डॉक्टरांनाही सांगता येईना. झालेला असायचा न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया. ही बुरशी आपल्याही श्वासातून आत जाते, काही होत नाही. पण रक्तातल्या सीडी फोर पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, 200 च्या खाली गेल्या की फुफ्फुस भरत जातं, आधी जिना चढताना धाप लागते, मग बाथरूमपर्यंत जाताना, मग नुसतं बसल्याजागी.

आणि जीवाला लागतं ते हे, की उपाय होता! 1977 मधेच अमेरिकेतल्या मेम्फिसला ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना हीच सेप्ट्रान आधीपासून देऊन हा न्यूमोनिया रोखून दाखवला होता. 1987 ला मायकेल कॅलन, स्वतः एड्सचे पेशंट, तिथल्या सरकारी एड्स संशोधनाची सूत्रं सांभाळणाऱ्या अँथनी फाउचींना भेटले, म्हणाले सगळ्या डॉक्टरांना कळवा ना. फाउचींना आधी चाचणीचे आकडे हवे होते. पुढच्या वर्षी आकडे आले, औषध घेणाऱ्या 30 जणांत एकालाही न्यूमोनिया नाही, न घेणाऱ्या 30 पैकी 16 जणांना झाला. सरकारी सूचना निघाली 1989 मधे. तोवर माणसं गुदमरून जातच होती.

आता झांबिया, लुसाका. 2001. एचआयव्ही असलेली 1 ते 14 वर्षांची 541 मुलं. तिथले जंतू या औषधाला केव्हाच सरावलेले, त्यामुळे इथे उपयोग होईल का अशी शंका होती. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं नकली. नकलीवाल्यांत 112 मुलं गेली, औषधवाल्यांत 74. फरक इतका स्पष्ट होता की 2003 मधे चाचणी मधेच थांबवली आणि... ही 112 मुलं कोणाची तरी होती, आकडा वाचताना हे विसरायला होतं.

आपल्याकडे सरकारी एआरटी फुकट सुरू झाली 2004 च्या एप्रिलमधे, पहिल्या 8 हॉस्पिटलांत मुंबईचं जेजे होतं. एआरटीने सीडी फोर वर येतात पण त्याला महिने लागतात, आणि नेमके तेच महिने धोक्याचे, म्हणून पेशींचा आकडा कमी असला की सोबत ही गोळी, आणि टीबी झालेला नसेल तर तो होऊ नये म्हणून आयसोनियाझिड.

काउंटरवर गोळ्या देताना ताईंनी सांगायचं ते एवढंच: अंगावर पुरळ उठलं तर गोळी थांबवा आणि लगेच या. पण बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका हं.