टोकियोत दोघांसाठी सुशी: गिन्झा सोडा, तोझाई लाइन पकडा

नमस्कार मंडळी! लग्नाचा वाढदिवस असो, नवऱ्याचं प्रमोशन असो, नाहीतर नुसतंच ‘आज कुकर लावायचा नाही’ असं ठरलेलं असो, टोकियोतल्या आपल्या लोकांचा एक प्रश्न हमखास येतो. दोघांनीच छान सुशी खायला जायचंय, जागा रोमँटिक हवी, पण बिल बघून घाम फुटायला नको. कुठे जायचं?

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक सुटले. गिन्झा या उंची, महागड्या भागात नको, आणि सुशीच्या ताटल्या फिरत्या पट्ट्यावरून समोर येतात त्या दुकानातही नको. जुन्या वस्तीतलं, आठ-दहा खुर्च्यांचं काउंटर असलेलं साधं सुशीचं दुकान शोधा. टेबल मिळत असलं तरी काउंटरवरच बसा आणि ठरलेल्या किमतीचा सेट मागवा. अशा दुकानांना इथे माची-झुशी म्हणतात, मोहल्ल्यातलं सुशीचं दुकान.

आता गिन्झा का नको? तिथल्या नावाजलेल्या काउंटरवर रात्रीचं ओमाकासे, म्हणजे शेफ देईल ते मुकाट खायचं, माणशी 20,000 ते 40,000 येनला सहज पडतं. मासा उत्तम असतो, त्यात वादच नाही. पण माल येतो तो टोकियोच्या घाऊक मासळी बाजारातून, म्हणजे तोयोसूतूनच, आणि गल्लीतला सुशीवालाही बहुतेक वेळा तिथूनच उचलतो. ससून डॉकवरचा पापलेट पंचतारांकित हॉटेलात जातो, तसा गिरगावातल्या खानावळीतही जातोच की. वरचे पैसे जातात सगळ्यात उंची तुकड्याला, जागेच्या भाड्याला आणि नावाला. सुशीचाच नाद असेल त्याने ते खुशाल द्यावेत. पण दोघांच्या संध्याकाळसाठी? गिन्झातल्या सुकियाबाशी जिरो या प्रसिद्ध सुशीच्या दुकानाचंच बघा. 2014 मध्ये पंतप्रधान आबे ओबामांना तिथे घेऊन गेले होते. तळघरातली जागा, दहा खुर्च्या, आणि वीसेक तुकडे असे एकामागोमाग एक येतात की अर्ध्या तासात जेवण आटोपतं. कलेला सलाम, पण बायकोशी बोलायचं कधी?

दुसरं टोक म्हणजे फिरता पट्टा. योशिआकी शिराइशी यांनी 1958 मध्ये ओसाकाजवळ तो सुरू केला तोच मुळी कमी माणसांत, कमी पैशांत जास्त गिऱ्हाइकं खाऊन उठावीत म्हणून. सुशिरो, कुरा सुशी या साखळ्यांमध्ये पोरांना घेऊन जा, मजा येते. कुरात पाच रिकाम्या ताटल्या खाचेत टाकल्या की स्क्रीनवर खेळ सुरू होतो, नशीब असेल तर खेळणं मिळतं. जिथे अजून बोलायला विषयच सापडत नाहीत अशा पहिल्यावहिल्या भेटीला हे चालेल, बरंच आहे खरं तर. मधल्या दर्जाचे पट्टेही आहेत, होक्काइदोहून आलेले नेमुरो हानामारू किंवा तोरितोन. तिथला मासा या भावात लाजवाब असतो. पण शनिवारी संध्याकाळी रांग अशी असते की खुर्ची मिळेपर्यंत निम्मं भांडण झालेलं असतं.

म्हणून माची-झुशी, आणि ती शोधायला मेट्रोची तोझाई लाइन.

(स्क्रीनवर: तोझाई लाइनचा नकाशा)

निशि-कासाई परिसरात आपली भारतीय मंडळी भरपूर, मराठीही खूप. तिथून चौथं स्टेशन मोन्झेन-नाकाचो. जुनी फुकागावा वस्ती, देवळाभोवती वाढलेली, गल्ल्यांत छोटी खाण्याची दुकानं. त्याच लाइनवर पुढे कागुराझाका, तिथे दगडी फरसबंदीचे बोळ आणि मंद दिवे. कागुराझाका दिसायला जास्त रोमँटिक, पण भाव थोडा चढा. माझं मत मोन्झेन-नाकाचोला. जेवून निघालात की सुमिदा नदीवरच्या एइताइ पुलापर्यंत चालत जाता येतं, आणि पूल रात्री निळ्या दिव्यांत असतो. त्याचं तिकीट नाही.

आता दुकान ओळखायचं कसं? गूगलवरचे तारे थोडे बाजूला ठेवा, जपानी लोक ताबेलॉग ही हॉटेलांना मार्क देणारी साइट बघतात. तिथले लोक मार्क द्यायला महाकंजूष. पाचपैकी 3.5 म्हणजे उत्तम दुकान. 3.2 बघून नाक मुरडू नका, वस्तीतली कितीतरी चांगली दुकानं तिथेच असतात. मग फोटोंमध्ये मेनू शोधा. सेटच्या पायऱ्या दिसायला हव्यात: नामी, जो, तोकुजो. काही ठिकाणी याच पायऱ्यांना उमे, ताके, मात्सु म्हणतात. साधा, वरचा, सगळ्यात वरचा. भात तोच, हात तोच, बदलतात ते मासे. साधारण 2,500 ते 3,500 येनमध्ये मधला ‘जो’ सेट मिळतो, आठ-दहा तुकडे आणि एखादा रोल. दोघांनी दोन ‘जो’ सेट घ्यायचे आणि त्यावर जे आवडलं त्याचे दोन-तीन तुकडे वेगळे मागवायचे. साके, म्हणजे तांदळाची दारू, धरूनही दोघांचं 10,000 येनच्या आसपास बसतं. पहिल्यापासून एकेक तुकडा मागवत सुटलात तर हिशोब हाताबाहेर जातो.

भिंतीवरच्या पाटीवर किमतीऐवजी ‘जिका’ लिहिलं असेल तर तो त्या दिवसाचा बाजारभाव. विचारल्याशिवाय मागवू नका. विचारण्यात लाज कसली, जपानी गिऱ्हाईकही विचारतं.

आता बसलात. दुकान चांगलं की नाही हे ट्यूनावरून ठरवू नका. महाग तुकडा चांगला लागतोच, त्यात सुशीवाल्याचं कौतुक काय? आधी भात. तो फ्रिजमधून काढल्यासारखा गार नसावा, अंगाइतका कोमट असावा. हातात धरला तर सुटू नये आणि जिभेवर ठेवला की मोकळा व्हावा. मग कोहादा मागवा. आपल्या तारलीच्या नात्यातला हा चिमुकला, स्वस्त मासा. मीठ किती वेळ, व्हिनेगर किती वेळ, सगळी मेहनत त्यात दिसते. सबाही तसाच, तो बांगड्याचा भाऊबंद. हे दोन जमले असतील तर दुकान पक्कं समजा, आणि दोन्ही मेनूतल्या स्वस्त ओळींत असतात.

एक सावधगिरी. तुमच्या माणसाला सुशी म्हणजे साल्मनच आवडत असेल, तर एदो, म्हणजे जुन्या टोकियोच्या, पद्धतीच्या काउंटरवर तो नसण्याची शक्यता बरीच आहे. कच्चा साल्मन सुशीवर रुजला तो 1980 च्या दशकात नॉर्वेने जपानी बाजारात जोर लावल्यानंतर. हट्टी सुशीवाले अजून त्याला दारात घेत नाहीत. आधीच मेनू बघा, नाहीतर समोरचा चेहरा पडेल.

आणि आपल्याकडचा खरा पेच, दोघांतलं एक शाकाहारी. किंवा खातात दोघंही, पण नेमकी त्या दिवशी संकष्टी. टेबल बुक करण्याआधी कालनिर्णय बघा, मी गमतीत सांगत नाहीये. काउंटरवर शाकाहारी माणसाला काकडीचा काप्पामाकी, लोणच्याचा ओशिंकोमाकी आणि आंबट उमे फळ नि शिसोच्या पानाचा रोल मिळतो. पण गोड चवीच्या इनारीत (तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात), अंड्याच्या तामागोत आणि कधी कधी काम्प्योतही (सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्या) बोनितो माशाचं दाशी, म्हणजे माशाचा अर्क उतरलेलं पाणी, असतं. सोया सॉसमध्येही ते मिसळलेलं असू शकतं. तीन प्रकारचे रोल खाऊन दोन तास काढणं ही शिक्षा आहे, जेवण नव्हे. कट्टर शाकाहारी जोडीदार असेल तर सुशीचा नाद सोडा. प्रेम असेल तर डोसाही रोमँटिक होतो, आणि निशि-कासाईत तो मिळतो.

दिवस निवडताना ख्रिसमसची संध्याकाळ टाळा. जपानमध्ये ती जोडप्यांची रात्र, सगळीकडे स्पेशल मेनू आणि स्पेशल भाव. रविवारी तोयोसू बाजार बंद असतो, त्यामुळे बरीच दुकानंही बंद असतात. मंगळवार ते शुक्रवार उत्तम, मात्र काही बुधवारीही बाजाराला सुट्टी असते, तेवढं तपासून घ्या. रात्री दोन पंगती असतील तर दुसरी मागा. पाठीमागून कोणी उठवायला येत नाही.

फोनवर एवढंच म्हणायचं: ‘काउंता-सेकी, नि-मेइ, ओनेगाइ शिमासु.’ काउंटरच्या खुर्च्या, दोन माणसं, कृपया. त्या दिवशी परफ्यूम लावू नका, दोघांनीही. आठ खुर्च्यांच्या खोलीत माशाचा नि भाताचा वास तुमच्या अत्तराखाली गाडला जातो, आणि मालक तोंडाने काही न बोलता बरंच बोलतो. जायचं रद्द झालं तर आदल्या दिवशीच कळवा, बऱ्याच ठिकाणी आयत्या वेळी पूर्ण पैसे लावतात. टिप नाही. 10 टक्के कर किमतीत धरलेला असतो, तरी मेनू एकदा नीट वाचा.

तोझाई लाइनवरचं तुमचं लाडकं दुकान असेल तर कमेंटमध्ये लिहा. फक्त खुर्च्या आठच असतात, तेव्हा लिहायच्या आधी स्वतःचं बुकिंग करून घ्या!