आधी बोअर, मग तोफ

(दृश्य : कापसाची शेतं, मागे मेळघाटचे डोंगर)

निवेदन :
अंजनगाव सुर्जीहून उत्तरेला नजर टाकली की मेळघाटचे डोंगर दिसतात. त्यातच गाविलगड आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावात शिंद्यांनी तह केला. महिनाभरात वऱ्हाडाचं नशीब फिरलं. गडाचा तट फोडायला इंग्रजांनी जड तोफा डोंगरवाटांनी ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या होत्या. गडावरच्या तोफा आजही तिथे आहेत. इकडची पोरं सहलीला गेली की त्यांवर बसून फोटो काढतात.

(दृश्य : आयटीआयचं वर्कशॉप, सुरू होणारा लेथ)

या भागातल्या एका आयटीआयत टर्नर ट्रेडची पोरं तशीच छोटी तोफ लेथवर, म्हणजे धातू फिरवत तासायच्या यंत्रावर, करताहेत. गडावर टेप आणि सुतळी घेऊन गेली, बुडाची जाडी, तोंडाची जाडी, लांबी मोजली आणि सगळ्या मापांना एकाच आकड्याने भागलं. नळी आली २०० मिलिमीटरची. त्यासाठी माइल्ड स्टीलचा ४५ मिलिमीटर जाडीचा गज घेतला. पितळ दिसायला देखणं, पण किलोच्या भावाने परवडत नाही.

नवख्याला वाटतं, आधी बाहेरचा आकार काढावा आणि शेवटी भोक पाडावं. सर तसं करू देत नाहीत. लांब भोक पाडताना ड्रिल किंचित भरकटतंच. बाहेरून तासलेल्या नळीत ते एका बाजूला गेलं तर भिंत इकडे जाड, तिकडे पातळ. म्हणून आधी बोअर, म्हणजे नळीतलं भोक, आणि मग बोअरलाच मध्य मानून बाहेरचं टर्निंग, म्हणजे तासणं.

(दृश्य : फोर-जॉ चकमध्ये गज, त्यावर डायल गेज)

गज चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरायचा. तो मध्यावर फिरतो का ते डायल गेज दाखवतं; त्याचा काटा स्थिर होईपर्यंत पकडीचे चार जबडे, म्हणजे जॉ, सैल-घट्ट करायचे. हे काम पोरांचा अंत पाहतं. कोणीतरी ओरडतं, "सर, पाहा, काटा हालूनच नाही रायला!" मग सेंटर ड्रिल, ६ मिलिमीटरचं ड्रिल, ११.८ चं, आणि शेवटी कमी वेगावर भोक नेमक्या मापाला आणणारा १२ चा रीमर. भोक आरपार नाही, १३० मिलिमीटरवर थांबतं. ड्रिल सारखं बाहेर काढून कीस झाडावा लागतो, नाहीतर आतच अडकून ते तुटतं.

इथे फिरतो तो जॉब, म्हणजे तासायचा तुकडा. ड्रिल टेलस्टॉकमध्ये, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारात, जागेवर असतं, म्हणून कमी भरकटतं. खऱ्या तोफांच्या कारखान्यांतही हेच शिकावं लागलं. पूर्वी साच्यात गाभा ठेवून पोकळ तोफ ओतत. ओतताना गाभा सरकला की नळी वाकडी. अठराव्या शतकात भरीव तोफ ओतून नंतर ती पोखरू लागले. १७७४ मध्ये इंग्लंडच्या जॉन विल्किन्सनने तोफ फिरवून पोखरण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्याच्याच यंत्रावर जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर अचूक पोखरले गेले. त्या इंजिनाचं श्रेय वॉटला देताना विल्किन्सनचं नाव शाळेत कोणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

ड्रिल तापलं की कूलंटमधून वाफ निघते. म्युनिकमध्ये काउंट रम्फर्डने बोथट हत्याराने तोफ पोखरून, नुसत्या घर्षणावर, विस्तवाशिवाय पाणी उकळवलं होतं. उष्णता हा कुठला द्रव नसून गतीतून येते, हे त्याने १७९८ मध्ये मांडलं.

(दृश्य : फळ्यावरचं गणित)

आता टेपर, म्हणजे नळीचा निमुळता उतार. बुडाशी ४० मिलिमीटर, तोंडाशी २८, आणि उतार १६० मिलिमीटरमध्ये. एवढी लांब चाल कंपाउंड रेस्टला, म्हणजे टूल तिरकं सरकवणाऱ्या भागाला, नाही, म्हणून दोन टोकांच्या सेंटरमध्ये जॉब धरून टेलस्टॉकच बाजूला सरकवायचा. व्यासांतला फरक १२, गुणिले पूर्ण लांबी २००, भागिले १६० ची दुप्पट : साडेसात मिलिमीटर. वहीतलं हे सूत्र प्रत्येकाला पाठ असतं. पण टूल बुडापासून तोंडाकडे सरकताना नळी खरंच निमुळती होते, तेव्हाच ते समजतं. अभ्यासक्रमातल्या साध्या टेपर जॉबवर हा आनंद मिळत नाही.

(दृश्य : सुताराकडची लाकडी चाकं)

बाजूचे दोन खुंट बोअरशी काटकोनात बसवायचे. ते वजनाच्या मध्यापेक्षा किंचित पुढे असतात, त्यामुळे बूड जड राहतं आणि तोंड आपोआप खाली पडत नाही. गाडा गावच्या सुताराने सागवानाचा केला. तुंबा, आरे त्याचे. चाकावरची लोखंडी धाव पोरांनी टर्न केली, चाकापेक्षा जराशी लहान. मोठ्या बैलगाडीसारखीच ती तापवून चढवली आणि लगेच पाणी ओतलं. आकसलेल्या धावेने सगळे सांधे घट्ट आवळले. यात पोरांपेक्षा सुतारबुवांचा शब्द अंतिम होता.

राहिला तोफेचा कान, म्हणजे बत्ती द्यायचं छिद्र. ते सरांनी स्वतः तपासलं. दोन मिलिमीटर खोल खळगा, बोअरपर्यंत पोचणारच नाही असा. बारूद भरून उडेल अशी नळी म्हणजे शस्त्र, आणि ते बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो. ही तोफ फक्त पाहायची आणि मोजायची आहे. पुढच्या बॅचला बोअर आणि बाहेरचा मध्य जुळतो का, हे तिच्यावरच तपासायला देणार आहेत.