पायाखालचा भाता: संगीत नाटकाचा ऑर्गन

मागची फळी काढलेला हा ऑर्गन बघा. खाली दोन पेडल आहेत, ती आळीपाळीने दाबत राहायची, की भाता चालतो. आपल्या हातपेटीत हवा पत्त्यांमधून, म्हणजे थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभांमधून, बाहेर ढकलली जाते, इथे उलट, भाता हवा आत ओढतो, म्हणून सूर बोचत नाही, गोल आणि भरीव येतो. आणि दोन्ही हात मोकळे! डावा हात खालचा षड्ज धरून बसतो, उजवा गाणाऱ्याच्या मागोमाग जातो. गुडघ्याशी ही लाकडी पट्टी आहे ना, ती बाजूला रेटली की आवाज फुलतो, सोडली की मागे सरतो.

1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, संगीत नाटक उभं राहिलं, आणि पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या काळात नाट्यपदाच्या साथीला ऑर्गन पक्का बसला.

आता दुरुस्तीचं हे काम नीट बघा, कारण सगळं इथेच आहे. हातपेटीच्या पत्त्या स्क्रूने बसवलेल्या असतात, ऑर्गनची प्रत्येक पितळी पत्ती आपापल्या खाचेत सरकवलेली असते, आकडा लावून ओढली की अलगद बाहेर येते. टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. जरा जास्त घासलं गेलं तर पत्ती वाया जाते, म्हणून दुरुस्ती करणारे काका एकदा घासतात, परत बसवतात, ऐकतात, पुन्हा काढतात आणि असं एकेका पत्तीचं चालतं. पावसाळ्यात लाकूड फुगून बोटांखालच्या पट्ट्या अडकतात, भात्याचं कापड विरतं, तेही हेच करतात.

वादक ऑर्गन सोडतात ते आवाज आवडत नाही म्हणून नाही हो. तो उचलायला माणसं लागतात, टेम्पो लागतो, आणि बिघडला तर दुरुस्त करणारा सापडत नाही. सिंथ, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, काखेत मारून नेता येतो आणि बटण दाबलं की गाण्याची पट्टी बदलते, काळी चारची पांढरी पाच होते. पण त्यात पायाचा दम नाही, आणि ज्यांच्या पायाला त्या दमाची सवय लागली ते सुटे भाग शोधत फिरतात पण ऑर्गन सोडत नाहीत.

नवे भाग कुठून येणार? अमेरिकेतली ऑर्गन बनवणारी एस्टी (Estey) कंपनी 1960 साली बंद झाली. तुमच्या घरात, देवळात, जुन्या थिएटरात असा ऑर्गन पडून असेल तर भंगारात देऊ नका. लाकूड सडलं असलं तरी आतल्या पत्त्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या ऑर्गनला बसतात, आधी पेटी दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.