अर्थ सुटलेल्या गाड्या

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘दुर्मीळ ब्रिटिश स्पोर्ट्स कार : ओढ आणि बिघाड’. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ कमी पडला तरी ते तुमच्याबरोबर घरी येईल. या गाड्यांची ओढ का वाटते आणि त्या रस्त्यात बंद का पडतात, याचं कारण एकच आहे. कुणीही न केलेलं करून बघायचा हट्ट होता, आणि केलेलं तपासून बघायला पैसा नव्हता. हे मला तुम्हाला पटवून द्यायचंय. पण त्यासाठी आधी एका बोल्टाची गोष्ट ऐकावी लागेल.

१९९०च्या दशकात मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला होतो. जग्वार आणि ट्रायम्फ या गाड्या, इंजिनं बनवणारी कॉव्हेंट्री क्लायमॅक्स, हे सगळे त्याच गावचे. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्यभर ओतकामाचे लाकडी साचे बनवलेले, हात अजून कसे घट्ट! मी मनातल्या मनात त्यांना आबा म्हणायचो. आबांच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली, फायबरग्लासच्या अंगाची, दोन माणसांची एक गाडी होती. कुठल्या कारखान्याची ते सांगत नाही. त्या जातीच्या दहा गाड्या तशाच वागायच्या.

नोव्हेंबरची रात्र, धुकं पडलेलं. आम्ही फॉस वेवरून परत येत होतो. फॉस वे म्हणजे रोमन लोकांनी आखलेला सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, दिवा एकही नाही. आबांनी डावीकडचा इंडिकेटर लावला आणि पुढ्यातले काटे त्याच्या तालावर उड्या मारायला लागले. ब्रेक दाबला की हेडलाइट मंद व्हायचे, सोडला की पुन्हा उजळायचे. आणि एका वळणावर सगळे दिवे गेले. इंजिन मात्र सुरेख चालू होतं!

आबांनी गाडी कडेला घेतली. एक अक्षर नाही, चिडचिड नाही. दोन्ही टोकांना चिमटे लावलेली हातभर वायर काढली, एक चिमटा बॅटरीला लावला, दुसरा दिव्याच्या मागे. उजवा हेडलाइट लागला. त्या एका डोळ्यावर आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी नऊला आम्ही डॅशबोर्डखाली शिरलो ते दुपारी दोनला बाहेर आलो. आतल्या बाजूला, हात कसाबसा पोचेल अशा जागी एक बोल्ट होता. त्यावर सात वायरींची टोकं एकत्र आवळलेली, आणि सगळ्यावर हिरवट गंज चढलेला. आबांनी तो पॉलिश पेपरने घासला, व्हॅसलिन लावलं, पुन्हा आवळला. सगळे दिवे लख्ख.

आता हे का झालं ते सांगतो, कारण अख्ख्या विषयाची किल्ली इथे आहे. पत्र्याच्या गाडीत करंट बॅटरीतून वायरने दिव्यापर्यंत जातो आणि परत येताना गाडीच्या अंगातूनच येतो. पत्रा हीच परतीची वाट. फायबरग्लासमधून वीज जात नाही. म्हणजे प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी वायर हवी, आणि या सगळ्या परतीच्या वायरी कुठे तरी एकत्र आणून बांधायला हव्यात. ती जागा म्हणजे तो बोल्ट. इंग्लंडची ओलसर हवा, तीस वर्षं. बोल्ट गंजला की करंट थांबत नाही, तो दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो. वरातीचा रस्ता अडवला तर वरात शेजारच्याच्या अंगणातून जाते ना, तसं. म्हणून इंडिकेटरच्या तालावर काटे नाचत होते.

या परतीच्या जोडणीला अमेरिकन माणूस ‘ग्राउंड’ म्हणतो. इंग्रज म्हणतो ‘अर्थ’, आणि आपले वायरमनही तेच म्हणतात : “साहेब, अर्थ सुटलाय.” त्या दुपारी आबांच्या गॅरेजमध्ये मला हे मराठीत ऐकू आलं. या गाड्यांचा अर्थ सुटलाय. वायरीचा सुटलाय तो दिसतो. पैशाचाही सुटला होता, तो दिसत नाही.

माझा राग नेमका इथे आहे. या गाड्या कुठेही जमल्या की ल्यूकस कंपनीवरचे विनोद सुरू होतात. बर्मिंगहॅमचं ल्यूकस, दिवे-डायनॅमो बनवणारं. त्याला लोकांनी ‘अंधाराचा राजपुत्र’ असं नाव ठेवलं. विनोद झाला, माणसं हसली, चौकशी संपली. अहो, त्याच घराण्याची १९६१ साली मद्रासला ल्यूकस-टीव्हीएस झाली, आणि आपल्याकडच्या किती गाड्या त्या डायनॅमो-स्टार्टरवर वर्षानुवर्षं धावल्या! दिवा वाईट नव्हता. दिव्याला परतीची वाट नीट दिलेली नव्हती. पत्र्याच्या गाडीसाठी बनवलेलं सामान फायबरच्या गाडीत बसवलं, आणि दहा हिवाळे त्याचं काय होतं ते बघायला कुणाकडे सवड नव्हती.

मग फायबर वापरलंच का? त्यासाठी लोटस या लहानशा ब्रिटिश कंपनीच्या एलीट या गाडीकडे येऊ. माझ्या मते माणसाने बनवलेल्या सर्वांत देखण्या गाड्यांपैकी ती एक आहे. १९५७च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात ती मांडली. लोटसचा कर्ता कॉलिन चॅपमन, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शिकलेला. गाडीचा आकार मुळात रेखाटला पीटर कर्वन-टेलरने, आणि तो पेशाने हिशेबनीस! चॅपमनने असं ठरवलं की या गाडीला चासीच नको. फायबरग्लासचं कवच हाच सांगाडा. धातू फक्त पुढे इंजिनच्या आधाराला आणि काचेभोवती, तोही कवचातच चिकटवलेला. असं रस्त्यावरच्या गाडीत तोवर जवळपास कुणी केलं नव्हतं. पत्रा दाबायला अवजड प्रेस आणि महागडे डाय लागतात, ते लोटसला परवडणारे नव्हते. फायबरला साचा, राळ आणि माणसं पुरतात. म्हणजे नवी कल्पनाही गरिबीतूनच आली, हे लक्षात घ्या.

वजन जवळपास मारुती ८००इतकं. इंजिन १२१६ सीसीचं, कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं, पूर्ण ॲल्युमिनियमचं. त्या इंजिनचं मूळ कुळ सांगतो, मला ते फार आवडतं. १९५०च्या सुमारास सरकारला आग विझवायचे उचलून नेता येतील असे पंप हवे होते : पाणी दुप्पट फेकायचं आणि वजन निम्मं. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांनी त्यासाठी पिसासारखं हलकं इंजिन केलं. आगीच्या पंपाला गरम व्हायला वेळ नसतो, थंड असतानाच पूर्ण जोर लावावा लागतो. शर्यतवाल्यांनी ते पाहिलं आणि मोटारीसाठी मागून घेतलं. त्या पंपाच्या वंशातल्या इंजिनवर एलीटने फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपला वर्ग सहा वेळा जिंकला. सहा वेळा, मंडळी! जी गाडी सलग चोवीस तास पळून जिंकते तिला सरसकट ‘बेभरवशाची’ कशी म्हणता? शर्यतीत प्रत्येक नट दर वेळी कुणी तरी तपासत होतं. फरक तेवढाच.

आणि त्रास? कवच म्हणजे एक मोठा डग्गा. इंजिनचा, मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीचा, आवाज सगळा आत घुमायचा. डिफरन्शियल थेट फायबरला बोल्टांनी जखडलेलं, तिथे कवचाला तडे जायचे. दाराचा बाक असा गोड की काच खाली उतरायला जागाच उरली नाही, काच काढून मागे ठेवायची. चालवणारा उन्हाळ्यात घामाघूम, तरी तो बाक बदलू नये असंच मला वाटतं. हजाराच्या आसपास गाड्या झाल्या, १९६३ला उत्पादन थांबलं, आणि लोटसला प्रत्येक गाडीमागे तोटा झाला.

अजून एक गंमत. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी-कर होता, सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. म्हणून लोटसच्या कितीतरी गाड्या खोक्यांतून घरी गेल्या आणि लोकांनी त्या अंगणात जोडल्या. सोबत जोडणीच्या सूचना देणं नियमात बसत नव्हतं. मग म्हणे कंपनीने गाडी सुटी कशी करायची याच्या सूचना दिल्या, त्या शेवटून वाचायच्या! १९७३ साली व्हॅट आला आणि हा मार्ग बंद झाला. आता विचार करा, त्या बोल्टाची सात टोकं कुणी आवळली होती? एखाद्या शिक्षकाने, एखाद्या कारकुनाने, शनिवारी, एका पान्याने. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे.

(चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं. बरं.)

मग उरलेलं झपाट्याने सांगतो. ट्रायम्फ स्टॅग, १९७० ते १९७७, रेखाटन मिकेलॉटींचं. आपल्याकडची मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड ज्यांनी आखली, तेच हे इटालियन. म्हणजे या घराण्याची ओळख तुम्हाला आहेच. स्टॅगला तीन लिटरचं स्वतःचं व्ही-८ इंजिन दिलं, म्हणजे आठ सिलिंडर दोन तिरक्या ओळींत. ब्लॉक, म्हणजे इंजिनचं धड, बिडाचा; त्यावरची झाकणं, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमची. पाण्याचा पंप वर, दोन ओळींच्या बेचक्यात. पाणी थोडं कमी झालं की सगळ्यांत आधी पंपच कोरडा पडायचा. ओतकामात साच्यातली वाळू आत राहिली की पाण्याच्या वाटा तुंबायच्या. इंजिन तापलं की हेड वाकायचं, गास्केट जायचं. आबा साचेवाले, वाळूचा विषय निघाला की त्यांचा चेहरा पडायचा. हे इंजिन दुसऱ्या कुठल्याच गाडीत गेलं नाही. म्हणजे चुका शोधायला हजारो साध्या मालकांची फौज मिळालीच नाही.

याच्या समोर दुसरं टोक ठेवा. एमजीए ही एमजी कंपनीची १९५५ची स्पोर्ट्स कार. तिचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन साध्या कुटुंबांच्या गाड्यांत लाखांनी गेलेलं, म्हणून घासूनपुसून पक्कं झालेलं. तेच इंजिन आपल्या ॲम्बेसेडरमध्ये आलं. तुमच्यातले निम्मे जण लहानपणी महाबळेश्वरचा घाट त्याच इंजिनवर चढले असतील. म्हणजे ब्रिटिश माणसाला इंजिन जमत नव्हतं असं नाही. जिथे तपासायला पैसा आणि काळ मिळाला, तिथे ते पिढ्यान्पिढ्या चाललं.

टीव्हीआरबद्दल तीनच वाक्यं. ब्लॅकपूलचा स्पोर्ट्स कारचा लहान कारखाना, १९८१पासून पीटर व्हीलर नावाच्या एका इंजिनीअरच्या मर्जीवर चाललेला. पुढे त्यांनी स्पीड सिक्स हे इंजिनही स्वतःच बनवलं, सुरुवातीच्या कितीतरी इंजिनांचे कॅमकडचे, म्हणजे झडपा उघडणारे, भाग लवकर झिजले आणि वॉरंटीत ती उघडावी लागली. २००६ अखेर उत्पादन थांबलं. आणि जग्वार २००८पासून टाटांकडे आहे, त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

कुणी अशी गाडी घ्यायच्या विचारात असेल तर त्याला एवढंच सांगतो : रंग नंतर बघा. आधी परतीच्या वायरी कुठे एकत्र येतात ते विचारा, आणि मालकाला ती जागा माहीत नसेल तर किंमत ठरवू नका.

मी परत यायला निघालो तेव्हा आबांनी नवा पितळी बोल्ट बसवला आणि जुना मला दिला. तो आज आणलाय. खाली चहाच्या टेबलावर ठेवतो. हातात घेऊन बघा, एका बाजूला हिरवा डाग अजून आहे.